हौद्यावर फरशी घालू नका

परवा कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या तालमीच्या मीटिंगचा निरोप व्हॉट्सॲपवर आला आणि खाली नव्या बिल्डिंगचा नकाशा. खाली पार्किंग आणि हॉल, वर जिम, त्याच्यावर ऑफिस. नकाशा तीनदा मोठा करून बघितला, हौदा, म्हणजे कुस्ती खेळायची मातीची जागा, कुठंच नाही. आज जिथं हौदा आहे तिथं 'बहुउद्देशीय हॉल' असं लिहिलंय. मी ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, ताई आता मातीत कोण खेळतंय, सकाळी चार पोरं पण येत नाहीत. खरं आहे ते, मी नाही म्हणत नाही. पण मला जे सांगायचंय ते दोन ओळीत मावत नाही म्हणून इथं लिहिते, मोठं झालंय, तरी पेठेतल्या सगळ्यांनी वाचा.

माझे आजोबा याच तालमीत आधी पठ्ठे आणि नंतर वस्ताद. मी सात-आठ वर्षांची असताना माती करायचा दिवस असला की आईनं घुसळलेल्या ताकाची कळशी घेऊन मी जायची, उंबऱ्यापर्यंतच. आजोबा आतून यायचे, अंगभर तांबडी माती, दोन्ही कान मोडून गोळा झालेले, कळशी हातातून घ्यायचे आणि म्हणायचे, "पोरी हितनंच बघ, आत न्हाई यायचं, मारुतीचं ठिकाण हाय." मग मी तिथनंच बघायची. चाळून बारीक केलेली माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, आणि चार-पाच जण खोऱ्यानं वरखाली करतायत, पायानं तुडवतायत. आजोबा मधेच मूठभर माती उचलून दाबायचे आणि मूठ उघडून बघायचे, तिचा लाडू पण व्हायला नको आणि भुगा पण नको, मनासारखी झाली की मारुतीसमोर उदबत्ती लागायची. तो ओल्या मातीचा आणि कापराचा वास आमच्या घरात आजोबांच्या धोतराला यायचा, ते गेल्यावर आजीनं एक धोतर कितीतरी दिवस धुतलं नव्हतं. नवीन पोरगं तालमीत आलं की पहिले कित्येक दिवस त्याला कुस्ती नाही, पहाटे उठून हौदा उकरायचा. वकिलाचा पोरगा असो नाहीतर हमालाचा, खोरं सगळ्यांच्या हातात तेच.

बाहेरगावच्या लोकांना कोल्हापुरातली एक गोष्ट कळत नाही, फुटबॉलच्या टीमला तालीम का म्हणतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शाहू स्टेडियमवर मॅच असली की ही नावं घेऊन अख्खी पेठ ओरडत असते आणि पाहुणा विचारतो, ही तर कुस्तीची नावं ना? अहो कुस्तीचीच. पेठेतली पोरं जमायची जागा तालीम, मग त्या पोरांनी जे जे केलं ते तालमीच्या नावानं झालं. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, १९४० ला स्थापन झाली, म्हणजे आपल्या फुटबॉलची घडी पण स्वातंत्र्याच्या आधीची, आणि तेव्हापासून एकाच छताखाली लंगोट पण वाळतोय आणि फुटबॉलचे बूट पण. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, आणि मोहरमला पंजे बसतात तेही कितीतरी तालमींत, तिथं ऊद घालायला हिंदू घरातली माणसं उभी असतात. हे दुसऱ्या गावात सांगितलं तर खरं वाटत नाही लोकांना. म्हणून मला तालमीला 'क्लबहाऊस' म्हणणं पटत नाही, क्लबला मेंबरशिप लागते, तालमीला पेठेत जन्माला येणं पुरायचं.

आणि हे आपोआप झालेलं नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला म्हणून पंजाबपासून मल्ल इथं यायला लागले. महाराज १९०२ ला एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं कलोसियम बघितलं आणि मग कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधायला घेतलं, १९१२ ला ते पुरं झालं. उद्घाटनाच्या कुस्तीत गामा पहिलवानाचा भाऊ इमामबक्ष होता, समोर गुलाम मोहिद्दीन. पण मला खासबागेतलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे तिथला उतार. मधोमध हौदा आणि चारी बाजूनं गोलाकार चढत गेलेली जमीन, मधे एक खांब नाही, अगदी शेवटी बसलेल्या माणसाला पण पहिलवानाचा हात कुठं पडला ते दिसतं. गरिबातला गरीब माणूस पटका सावरत बसला तरी त्याला कुस्ती अख्खी दिसली पाहिजे, एवढा विचार शंभर वर्षांपूर्वी झालाय या गावात. आणि आपण आपल्या पेठेतल्या हौद्यावर भाड्याचा हॉल करणार, ज्याच्या घरात बारसं-साखरपुडा आहे आणि ज्याला भाडं परवडतंय त्याच्यासाठी?

आता मॅटचं. माती जुनी झाली, ऑलिंपिक मॅटवर होतंय, हे म्हणणाऱ्यांचं मला शंभर टक्के पटतं. खाशाबा जाधव इथं राजाराम कॉलेजला शिकले, मातीत तयार झाले, १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नव्हती तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल सरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल. त्यांना आधीपासून मॅट मिळाली असती तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो. म्हणून मॅट पाहिजेच. पण मॅट वरच्या मजल्यावर अंथरता येते, नकाशात जिथं जिम दाखवलीय तिथं. हौदा वर नेता येत नाही. दोन्ही ठेवा ना, हौद्यात ताकद कमवा आणि मॅटवर पॉइंट शिका, कितीतरी तालमींत असंच चाललंय.

२०१९ च्या पुरात तालमीत कमरेएवढं पाणी होतं हे विसरलात का? पाणी उतरल्यावर हौद्यात नुसता काळा गाळ, वास येत होता. तेव्हा कुणी मीटिंग घेतली नव्हती. फुटबॉलची पोरं, गणपतीची पोरं, रिक्षावाले, सगळ्यांनी मिळून तो गाळ घमेल्यांनी बाहेर काढला, जुनी माती टाकून दिली, नवी तांबडी माती ट्रॅक्टरनं आणली, आणि आमच्या गल्लीतल्या बायकांनी घराघरातनं ताक जमा केलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत गेले. चाळीशी उलटल्यावर. कुणी अडवलं नाही, कुणाच्या लक्षात पण आलं नाही, माझ्या एकटीच्या आलं. हातात घमेलं होतं म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

आणि ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवा. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, महाराजांनी बांधलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर, खासबागेला लागूनच, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. सगळं गाव एकच म्हणत होतं, होतं तसं उभं करा. आपल्या ग्रुपवर पण तेच मेसेज होते, मी परत वर जाऊन वाचले, आज हॉलच्या बाजूनं बोलणाऱ्यांचेच आहेत. तिथं आग लागली होती. इथं आपण मीटिंग घेऊन, ठराव करून, नारळ फोडून घालवणार.

चार पोरं येत नाहीत म्हणता, तर पोरी मोजल्या का कधी? मुरगूडच्या मुली कुस्तीत कुठल्या कुठं पोचल्यात आणि आपल्या पेठेतल्या पोरीला अजून आत घ्यायचं की नाही यावर कुणी तोंड उघडत नाही. माझी भाची नऊ वर्षांची आहे, शाळेत कबड्डीत पोरांना ओढून आणते. मागच्या महिन्यात तालमीवरनं जाताना उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "मावशी, मी उद्यापास्नं हितं येतो." मी तिला नाही म्हटलं नाही. मला आजोबांचा राग नाही, त्यांच्या काळात तसं होतं, पण तिच्यासाठी दार उघडायची वेळ आली आणि आत फरशी असं व्हायला नको.

रविवारी सकाळी दहाला मीटिंग आहे. वर्गणी वाढवायची असेल तर वाढवा, मी माझी आत्ताच दुप्पट धरते, पार्किंग कमी झालं तरी चालेल, आमची गाडी आम्ही गल्लीत लावू. इंजिनियरला एवढंच सांगा की हौदा आहे तिथं ठेवून नकाशा परत काढ. मी भाचीला घेऊन येणार आहे, आणि येताना ताक आणते, मातीला बरेच दिवस कुणी काही घातलेलं नाही.