माळावरची पाथरी म्हणजे डँडेलियन नव्हे

बेळगाव, चिकोडी, अथणी या भागांतील व्हॉट्सॲप गटांवर सध्या एका पिवळ्या फुलाचे छायाचित्र फिरत आहे. सोबतच्या मजकुरात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: हे फूल डँडेलियन या विलायती रानफुलाचे आहे, ते इंग्रजांबरोबर इकडे आले, देठ मोडल्यावर पांढरा चीक आला की ओळख पक्की समजून पाला खुशाल खावा, आणि याची मुळी यकृताचा कोणताही विकार बरा करते. छायाचित्रातली वनस्पती आपल्या माळरानावरची पाथरी आहे आणि या चारही विधानांत चूक आहे.

पहिल्या विधानामागचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण दोन्ही वनस्पती सूर्यफुलाच्याच कुळातल्या असून दोघींची फुले पिवळ्या, पट्टीसारख्या पाकळ्यांची आणि पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात. मात्र डँडेलियनचा फुलदांडा पोकळ, बिनफांद्यांचा आणि बिनपानांचा असतो व त्याच्या टोकाला एकच फूल येते, तर पाथरीचे दांडे फांद्या फुटून आडवे पसरतात आणि एकेका दांड्यावर अनेक फुले लागतात. पाथरीचे पान उन्हाकडे धरून पाहावे. कडेने बारीक पांढरे दाते ओळीने दिसतात आणि बोटाला किंचित खरखरीत लागतात. याहून खात्रीची खूण बियांत आहे. डँडेलियनच्या बीवर लांब बारीक दांडी असते आणि तिच्या टोकावर केसांची छत्री उघडते, तर पाथरीच्या बीला अशी दांडी नसून पांढरे केस थेट बीच्या डोक्यावरच बसलेले असतात. नुसती म्हातारी उडते म्हणून नाव ठरवायचे झाले, तर रुईलाही डँडेलियन म्हणावे लागेल.

याच मजकुराखाली काहींनी एकदांडीची छायाचित्रे जोडली आहेत. एकदांडीला चीक येत नाही, तिची पाने समोरासमोर व केसाळ असतात आणि पिवळ्या गड्ड्याभोवती मोजक्याच फिकट पाकळ्या असतात. परदेशी म्हणायचेच असेल तर ती आहे; तिचे मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. पाथरी मात्र पश्चिम आशियापासून भारतापर्यंत कोरड्या, मोकळ्या जमिनीवर मूळचीच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी केलेले तिचे शास्त्रीय वर्णन १८३२ साली छापले गेले, आणि तेही भारतातील वनस्पतींच्या ग्रंथात.

सर्वांत धोक्याचे विधान चिकाचे आहे. पांढरा चीक रुईलाही येतो आणि दुधी नावाच्या रानतणाच्या (भोपळ्याच्या नव्हे) जातींनाही येतो, आणि रुईचा चीक विषारी असून डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करतो. पिवळे फूल आणि चीक एवढ्याच खुणांवर विसंबणाऱ्याच्या हाती पिवळा धोतराही लागू शकतो. त्याचा चीक पिवळा असतो, पाने काटेरी असतात आणि बिया विषारी असतात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाल्याने जलोदरासारख्या सूजेची साथ पसरून अनेकांचा जीव गेला होता. म्हणून फूल, पानाची कड आणि बी या तिन्ही खुणा जुळल्याशिवाय रानातला पाला ताटात घेऊ नये. आपल्याकडे कोवळी पाथरी भाकरीबरोबर कच्ची खातात आणि दुभत्या जनावरांनाही घालतात, पण ती ओळख पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेलेली आहे, छायाचित्रावरून झालेली नाही.

राहिले मुळीचे औषध. डँडेलियनच्या मुळीचा पारंपरिक वापर आहे हे खरे असले, तरी त्यावरून ती यकृताचा कोणताही विकार बरा करते असे ठरत नाही, आणि दुसऱ्याच वनस्पतीच्या मुळीला तो गुण चिकटवणे तर त्याहून चूक आहे. कावीळ झालेल्या माणसाने मुळीची पूड घेत दिवस काढले, तर उपचाराचा वेळ हातचा जातो. शिवाय पाथरीची पाने खुडली तर सोटमुळापासून तिला पुन्हा फूट येते. मुळी विकण्यासाठी ती खणून काढली, तर त्या बांधावर पुढच्या वर्षी भाजीही मिळणार नाही.