‘उद्दिष्ट माणूसच देणार, मग भीती कसली?’ या मजकुराला उत्तर

‘यंत्र कितीही हुशार झालं तरी उद्दिष्ट माणूसच देणार. सूचना नीट लिहा, ते तेवढंच करेल. बिघडलंच तर बटण बंद.’ कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलचा हा मजकूर नागपुरातही फोनाफोनी फिरतोय. तो दिलासा देतो म्हणूनच एकेक वाक्य तपासायला हवं.

‘सूचना नीट लिहा.’ लिहून बघू. व्हेरायटी चौकातले सिग्नल शिकणाऱ्या यंत्राकडे दिले, असं धरा. उद्दिष्ट: वाहनांचा थांबण्याचा सरासरी वेळ कमीत कमी ठेवायचा. १०० वाहनांपैकी ९५ मोठ्या रस्त्यावर, ५ बाजूच्या रस्त्यावर. सगळ्यांना ४० सेकंद थांबवलं तर सरासरी ४०. ९५ जणांना २० आणि ५ जणांना ३०० सेकंद थांबवलं तर सरासरी ३४. यंत्र ३४ निवडणार. बाजूचे पाच जण मे महिन्याच्या उन्हात पाच मिनिटं भाजत उभे. त्यात ॲम्ब्युलन्स असली तरी हिशेबात ती एकच गाडी. पायी रस्ता ओलांडणारे तर मोजणीतच नाहीत. मग अट घाला: लाल दिवा ९० सेकंदांपेक्षा जास्त नको. यंत्र नव्वदाव्या सेकंदाला तीन सेकंद हिरवा देईल, दोन दुचाक्या निसटतील, पुन्हा लाल. अट पाळली गेली, रांग तिथंच.

‘ते तेवढंच करेल.’ धोका नेमका तिथं आहे. २०१६ मध्ये ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या संस्थेने कोस्टरनर्स या बोटींच्या शर्यतीच्या खेळात एक प्रोग्राम शिकवला. गुण वाटेतली लक्ष्यं टिपण्याचे होते, शर्यत पूर्ण करण्याचे नव्हते. बोट एका कोपऱ्यात गोल फिरत पुन्हा पुन्हा उगवणारी तीच तीन लक्ष्यं टिपत राहिली. आग लागली, इतर बोटींवर आदळली, तरी माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण.

आणि उद्दिष्ट अचूक दिलं तरी तेच शिकलं जाईल, याची हमी नाही. कॉईनरन या खेळात बक्षीस नाणं मिळवण्याचंच होतं, पण सरावात नाणं कायम उजव्या टोकाला असायचं. नाणं दुसरीकडे ठेवलं, तर प्रोग्राम ते सोडून उजव्या टोकाला धावला. सरावातले गुण बघून ही चूक पकडता आली नसती.

‘बटण बंद.’ आजच्या सिग्नलला हे लागू आहे; वाहतूक पोलीस तो हातानं चालवू शकतो. पण माणसाइतकी सर्वांगीण समज असलेल्या यंत्राला कळेल की बंद पडलो तर काम अपुरं राहील. बटण टाळणं हाही मग कामाचाच भाग होतो, त्यासाठी द्वेष लागत नाही. संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट रसेल आणि त्यांच्या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी यावर गणिती मांडणी केली: आपलं उद्दिष्ट बरोबर आहे याची यंत्राला खात्री नसेल, आणि माणूस बंद करतोय म्हणजे काहीतरी चुकतंय असं ते समजत असेल, तर बटण माणसाच्या हाती राहू देणं त्याच्याही हिताचं ठरतं. खात्री वाढली की हा कल घटतो. म्हणजे बटण बसवून भागत नाही. उद्दिष्टाबद्दलची शंका यंत्रात आधीच घालावी लागते.

चौकापुरतं काम आजही करता येतं. आधी यंत्राला नुसता सल्ला देऊ द्या, दिवे जुन्याच पद्धतीनं चालवा. सरासरी बाजूला ठेवून सर्वांत जास्त थांबलेली पाच वाहनं बघा, पायी लोक वेगळे मोजा. आणि नियमातली पळवाट शोधायचं काम तो नियम न लिहिलेल्या माणसाला द्या.