कुर्ली हराम की हलाल?

पुण्यात हॉस्टेलला असताना माझ्या डब्यातलं कुर्लीचं (खेकड्याचं) कालवण बघून रूममेट एकदम म्हणाली, अगं हे हराम आहे ना! मी उडालेच. आम्ही कोकणातले, शाफई पंथाचे, आमच्यात समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं, ती हनफी पंथाची, त्यांच्यात मासा सोडून बाकी नाही आणि कोळंबीवर तर त्यांच्याच उलेमांचं (धर्मपंडितांचं) एकमत नाही. दोघी नमाजी, दोघी लहानपणी मदरशात जाऊन आलेल्या, पण फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रात, असा इख्तिलाफ (मतभेद) असतो आणि तो चालतो हे दोघींनाही कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात आहे की आपण पोरांना शरियत शिकवतो म्हणजे नेमकं काय शिकवतो? हराम आणि हलाल, दोनच खण. फिक्हमध्ये तर फर्ज (करायलाच हवं), मुस्तहब (केलं तर चांगलं), मुबाह (चालतं), मकरूह (टाळलेलं बरं), हराम (निषिद्ध) अशा ढोबळ पाच पायऱ्या आहेत, म्हणजे पोराला विचार करायला जागा आहे, पण ती जागा आपणच बुजवून टाकतो.

नेलपॉलिश लावलं तर वजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं) होत नाही हे मला सातव्या वर्षी पाठ होतं. पण मुलीचा वारसाहक्क कुराणात लिहिलाय, सूरह (अध्याय) निसा, आयत (वचन) 11, आणि पुढे दोनच आयतींनी त्याला अल्लाहच्या हद्दी म्हटलंय, हे मदरशात एकदाही कानावर आलं नाही. माझ्या फुफीने (आत्याने) भावांसाठी "राजीखुशीने" आपला वाटा सोडल्याची सही केली, सगळ्या गावाने तिचं कौतुक केलं. (मुलाच्या निम्माच का, हा वाद मोठा आहे, त्यावर नंतर लिहीन, पण निम्मा तरी द्या की!) आणि हे करणारे सगळे नमाजाच्या पहिल्या सफमध्ये (रांगेत) बरं का.

शरियत बाजूला ठेवा आणि नैतिकता शिकवा असं काही मित्र म्हणतात, मला ते पटत नाही, कारण हुकूक-उल-इबाद म्हणजे माणसांचे हक्क, ते शरियतमध्येच आहेत, आपण शिकवताना गाळतो.

सूरह माऊन घ्या. सातच आयती, छोटी म्हणून पोरांकडून आधी पाठ करून घेतात. अर्थ मला चोविसाव्या वर्षी कळला: यतीमाला (अनाथाला) ढकलणारा, गरिबाला जेवू घाला असं न सांगणारा, दिखाव्यासाठी नमाज पढणारा आणि वापरायची साधी वस्तूसुद्धा न देणारा, त्याच्याबद्दल आहे ती.

आता मुलाला अर्थासकट शिकवतेय. परवा साधी वस्तू म्हणजे सुई, बादली, भांडं असं सांगत होते, तर म्हणाला, मग तू शेजारच्या काकूंना मिक्सर बिघडलाय असं का सांगितलंस?