पुस्तक न उघडता भारावून कसं जावं

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका, की पुस्तकावर बोलायचं तर ते वाचलेलं असावं लागतं. उलट वाचणारा माणूसच अडकतो. त्याला पात्रं आठवतात, मधे कुठेतरी डुलकी लागली होती तेही आठवतं, आणि मग तो "चांगलंय, पण मधली साठ-सत्तर पानं जरा..." असं काहीतरी पुळचट बोलून मोकळा होतो. तुम्हाला ही झंझट कशाला? तुम्हाला भारावून जायचंय, आणि त्याला मलपृष्ठावरचा मजकूर भरपूर होतो.

क्रियापद मात्र जपून वापरा. "वाचतोय" असं चुकूनही म्हणू नका, त्यात आत्तापर्यंत वाचलं नव्हतं अशी कबुली येते. "पुन्हा वाचतोय" म्हणा. आणि पुस्तक कधीही 'आवडलं' नसतं, ते 'आतून हलवून' गेलेलं असतं, नाहीतर 'अंतर्मुख' करून गेलेलं असतं. नक्की काय हलवलं हे कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्यालाही त्याचं हलवून गेलेलं पुस्तक सांगायची घाई असते. "खाली ठेववलंच नाही" हे पण चालतं, फक्त हजार पानांच्या ठोकळ्याबद्दल म्हणू नका, मनगटाची काळजी वाटायला लागते लोकांना.

पुस्तक निवडताना जाड घ्या. हे माझं अनुभवाचं मत आहे, बारकी पुस्तकं फार घातक. 'रणांगण' घ्या, विश्राम बेडेकरांची, १९३९ ची, जहाजावर घडते, एका संध्याकाळी संपते, म्हणजे समोरच्याने ती खरोखर वाचलेली असण्याची भीती. तुम्ही "काय तो समुद्र, काय ती वर्णनं" सुरू करणार आणि तो शांतपणे नायिकेचं, हॅर्टाचं, शेवटी काय होतं ते विचारणार. त्यापेक्षा 'वॉर अँड पीस' बरी. टॉलस्टॉयने तिला एक नाही दोन उपसंहार जोडलेत आणि दुसऱ्यात तर कथा बाजूला ठेवून इतिहास कसा घडतो यावर नुसतं चिंतन केलंय. हे एवढं पाठ करा. विषय निघाला की छताकडे बघत म्हणायचं, "बाकी ठीक, पण दुसऱ्या उपसंहारात तो थोडा वाहवतो." संपला विषय. तिथपर्यंत पोचलेला माणूस खोलीत असलाच तर तो इतका दमलेला असेल की वाद घालणार नाही.

आणि लाजायचं कारण नाही, जगच असं चाललंय. हॉकिंगचं काळाच्या इतिहासावरचं पुस्तक १९८८ चं, कुठल्या कपाटात नाही ते सांगा. २०१४ मध्ये जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या गणितज्ञाने किंडलवर लोकांनी सगळ्यात जास्त अधोरेखित केलेली वाक्यं पुस्तकात किती आतवर आहेत ते बघून गमतीगमतीत एक निर्देशांक काढला, त्याला नावच हॉकिंगचं दिलं. हॉकिंगला मिळाले ६.६ टक्के. अर्थशास्त्रज्ञ पिकेटीच्या 'कॅपिटल'ला तर २.४. म्हणजे सगळ्या रेघोट्या सुरुवातीलाच, पुढे पानं कोरी करकरीत. त्याने स्वतःच सांगितलं होतं की हे फार मनावर घेऊ नका, पण मला तर वाचून इतका धीर आला म्हणून सांगू. (हा लेख मात्र मी पूर्ण वाचला. दोन पानांचा होता.)

विविधता दाखवायलाच हवी. एकाच प्रकारातलं बोललात तर तुम्ही नुसते वाचक ठरता, चौफेर बोललात की व्यासंगी. काफ्का आला की लगेच "त्या माणसाचं झुरळ होतं ना, हादरलो मी" असं म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. तुम्ही म्हणा की झुरळ असं त्याने कुठे लिहिलेलंच नाही, उलट १९१५ मध्ये ते पुस्तक, 'मेटॅमॉर्फोसिस', निघताना मुखपृष्ठावर कीटक काढू नका म्हणून त्याने प्रकाशकाला कळवलं होतं. हे खरं आहे, आणि एवढ्यावर दहा मिनिटं निघतात. फ्रँकेनस्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, बनवणाऱ्याचं, यावर आणखी पाच. 'कोसला' असेल तर मत द्यायचंच नाही, फक्त त्यातल्या नायकासारखं वाक्यात उदाहरणार्थ आणि वगैरे पेरत जायचं, लोक आपोआप समजून घेतात वगैरे.

एक माणूस मात्र टाळा. माझ्या ओळखीत एक काका आहेत, त्यांचं आवडतं पुस्तक कुठलं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, ६० हजारांच्या आसपास शब्द. मला वाटलं भाव खातायत. तर ते पिशवीतून ते धूड काढतात, मांडीवर ठेवतात, कडा पिवळ्या पडलेल्या, कुठेकुठे बसच्या तिकिटांच्या खुणा, आणि एकेक शब्द काढून असे खूश होतात की जणू आत्ताच त्यांना पडलेला सापडलाय. ना हलवून जाणं ना अंतर्मुख, नुसतं "हे बघ, हे बघ". अशा माणसासमोर आपलं काही चालत नाही. विषय बदला, हवापाण्यावर या.

यांच्यामुळेच माझा घात झाला. चार माणसं जमलेली, मी रंगात येऊन 'मृत्युंजय'वर बोलत होतो. कर्णावरचा अन्याय, ती कवचकुंडलं, ते रुतलेलं चाक, सगळं मला मालिका बघून पाठच होतं, आवाजही थोडा भरून आणला होता. काका ऐकत होते. मग म्हणाले, "शेवट कोणाच्या तोंडून आहे रे त्यात?"

मी म्हटलं, "कर्णाच्याच की."

"अरे पण तो मेलेला असतो ना तेव्हा?"

एवढंच. कोणी हसलंही नाही, ते जास्त लागलं. मी "हो म्हणजे त्याचा आत्मा..." असं काहीतरी बोललो, माझं मलाच कळलं नाही काय ते. काका आपले चष्मा पुसत बसले. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली असे एकेक जण आपापला भाग सांगतात आणि शेवटचा श्रीकृष्ण सांगतो, हे मला घरी जाऊन अनुक्रमणिका उघडल्यावर कळलं. तेव्हा अनुक्रमणिका तरी बघत चला, तेवढे कष्ट घ्यायला हरकत नाही.

ते पुस्तक तेव्हापासून उशाशी आहे. काल रात्री शोणापर्यंत आलो, दिवा घालवायला दीड वाजला. कोणी विचारलंच तर पुन्हा वाचतोय म्हणून सांगतो.