'ॲक्सेंट लावा, निबंध पाठ करा': त्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

परदेशी शिकायला, नोकरीला किंवा कायमचं राहायला जाणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'आयईएलटीएसमध्ये 8 बँड हमखास'. आयईएलटीएस म्हणजे इंग्रजीची परीक्षा: ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं असे चार विभाग, आणि गुण 9 पर्यंतच्या बँडमध्ये. आतले सल्ले थोडक्यात असे. ब्रिटिश ॲक्सेंट लावा. जड शब्द पेरा. वीस निबंध पाठ करा. परीक्षेच्या दोन प्रकारांपैकी ॲकॅडेमिकऐवजी सोपी जनरल द्या. ओव्हरऑल, म्हणजे चारही विभागांची सरासरी, 7 आला की काम झालं. आणि शेवटी, निकाल दोन वर्षांनी बाद होतो म्हणजे सगळा धंदाच आहे. मी ही परीक्षा शिकवतो, त्यामुळे 'सर, हे खरं आहे का?' या प्रश्नासकट तो सतत माझ्याकडे येतो.

ॲक्सेंटचं आधी. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, समोर परीक्षक. गुण चार गोष्टींना सारखे: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. उच्चार म्हणजे ॲक्सेंट नव्हे. ऐकणाऱ्याला ताण न पडता कळतंय का, आघात योग्य जागी पडतोय का, हे त्यात बघतात. 'फिफ्टी' म्हणायचंय आणि ऐकू 'फिफ्टीन' येतंय, तर गुण जातील. उसना ॲक्सेंट लावणाऱ्याचं निम्मं लक्ष जिभेकडे असतं, मग वाक्य मध्येच तुटतं आणि ओघाचे गुणही जातात. लिसनिंगमध्ये तर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, उत्तर अमेरिकन असे सगळेच आवाज ऐकायला मिळतात.

जड शब्दांबद्दल फार बोलायला नको. मुसळधार पावसाला 'हेवी रेन' म्हणणारा बरोबर, 'स्ट्रेन्युअस रेन' म्हणणारा चूक, दुसरा शब्द कितीही भारदस्त वाटला तरी. कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो हे बघतात. 'प्लेथोरा' दर परिच्छेदात आला की वाचणारा वैतागतो, एवढंच होतं.

पाठांतराचा सल्ला मात्र खरोखर नुकसान करतो. एक मुलगी माझ्याकडे सरावाला आली होती. बोलण्याच्या परीक्षेत दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट आणि बोलायला दोन. कार्ड होतं, 'तुम्हाला काही उपयोगी शिकवणाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा'. तिनं पाठ केलेले आजोबा काढले. दोन मिनिटं एकही अडखळ नाही, आवाज वर्गात कविता म्हणावी तसा. मग मी तिसऱ्या भागातला प्रश्न टाकला: 'अशी कौशल्यं शाळेत शिकवावीत की घरी?' ती थांबली, 'ॲक्च्युअली' तीनदा म्हणाली आणि व्याकरण पार कोसळलं. परीक्षकाला दुसरा पुरावा कशाला हवा? पाठ केलेला मजकूर ओळखायला ते शिकलेले असतात, आणि तो भाग तुमच्या भाषेचा पुरावा म्हणून धरत नाहीत. लेखनात तर आणखी वाईट. प्रश्न असतो, शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी घालावी का. पाठ निबंध असतो प्रदूषणावर. पान भरतं, बंदीवर एक अक्षर नसतं. त्यात लेखनाच्या दोन टास्कपैकी हा निबंध म्हणजे टास्क 2, आणि त्याचं वजन टास्क 1 च्या दुप्पट.

'सोपी जनरल' ही कल्पना कुठून आली ते कळतं, कारण तिच्या वाचनातले उतारे सोपे असतात. पण लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हीकडे एकच. वाचनात 7 बँडला ॲकॅडेमिकमध्ये 40 पैकी साधारण 30 उत्तरं बरोबर लागतात, जनरलमध्ये साधारण 34. शिवाय निवड तुमची नसतेच. विद्यापीठं बहुतेक ॲकॅडेमिक मागतात, तर कॅनडात कायमचं राहायला जाण्यासाठीच्या एक्स्प्रेस एंट्री या अर्जपद्धतीला आयईएलटीएसची जनरलच चालते. मेसेज वाचून चुकीची परीक्षा दिलीत तर फी गेली.

आता ओव्हरऑल. समजा लिसनिंग 8, वाचन 7.5, बोलणं 7.5, लेखन 5.5. सरासरी 7.125, म्हणजे निकालावर 7. पेढे वाटायला हरकत नाही! पण कॅनडा चारही कौशल्यं वेगवेगळी मोजतं. तिथल्या 'फेडरल स्किल्ड वर्कर' या कुशल कामगारांच्या योजनेसाठी प्रत्येकात सीएलबी 7, म्हणजे कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची सातवी पातळी, लागते, आयईएलटीएसच्या भाषेत प्रत्येकात किमान 6. लेखनातल्या 5.5 वर अर्ज तिथेच अडतो. अनेक विद्यापीठंही ओव्हरऑलसोबत प्रत्येक विभागाची किमान अट ठेवतात. ती ओळ कोणी वाचत नाही.

राहिला धंदा. इथे मी मेसेजला पूर्ण खोटं म्हणणार नाही. दोन वर्षांनी तीच फी पुन्हा भरताना कोणालाही चीड येईल, आणि ज्याचं रोजचं काम इंग्रजीतच चालतं त्याला तर जास्तच. पण न वापरलेली भाषा खरंच गंजते, आणि टोफेल, पीटीई या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षांचे निकालही दोनच वर्षं चालतात. आता आयईएलटीएसमध्ये एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते, संगणकावरची, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत. वरच्या उदाहरणातल्या माणसाला फक्त लेखन पुन्हा देता येईल. मात्र असा निकाल सगळीकडे चालत नाही, तेव्हा फी भरण्याआधी जिथे अर्ज करायचाय तिथला नियम बघा.