डोळा लागला, दूध लागलं

मराठीत 'लागणे' हे क्रियापद कुठेही लागतं. ठेच लागते, उचकी लागते, दृष्ट लागते, भाच्याला नोकरी लागते. यंदाच्या कोजागरीला आमच्याकडे आधी माझा डोळा लागला आणि मग दूध लागलं.

सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध करायची पाळी यंदा आमची होती. पाच लिटर दूध. एवढं मोठं पातेलं आमच्याकडे नाही, म्हणून बायकोने शेजारच्या काकूंचं आणलं. जुनं स्टीलचं पातेलं, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. आधी काकूंचं माहेरचं नाव, मग 'हिस मामाकडून', आणि १४-५-८१. पूर्वी नाव घातल्याशिवाय भांड्याचा आहेर पुरा होत नसे. कुठेही गेलं तरी भांडं घरी परत यावं, हा हेतू. कोणत्या अवस्थेत परत यावं, ते मात्र कोणी कोरून ठेवत नाही.

बायको सतरंज्या घेऊन गच्चीवर निघाली. दारातून म्हणाली, "आत बशी टाकलीय, ती काढू नकोस. आणि ढवळत राहा."

बशीची युक्ती आमच्या सासूबाईंची. दूध उकळायला लागलं की बशीखाली वाफ कोंडते, बशी उचलली जाते, पुन्हा आपटते, आणि बुडाशी बसू पाहणारं दूध हलत राहतं. युक्ती उत्तम आहे, पण आवाज! खड्, खड्, खडखड. शेजारून मालगाडी चालल्यासारखा. दहा मिनिटं मी तो ऐकून घेतला. मग विचार केला, आपण एवढे धडधाकट समोर बसलो असताना बशी हवी कशाला? चिमट्याने ती बाहेर काढली. स्वयंपाकघर कसं शांत झालं. वेलचीचा वास सुटला होता, पंखा मंद फिरत होता, दिवसभर ऑफिसात मान मोडलेली. ती बशी दुधाला आणि मला, दोघांनाही जागं ठेवत होती, हे मला नंतर कळलं.

उठवलं ते वासाने. पहिल्या क्षणी तो वास चक्क चांगला होता, खव्यासारखा. दुसऱ्या क्षणी मात्र तसा राहिला नाही.

लागलेल्या दुधाला हात लावायचा नसतो. वरचं वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि बुडाला जे झालंय ते बुडालाच राहू द्यायचं. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मी उलथणं घेतलं आणि तळातून जोर लावून खरवडलं. काळे पापुद्रे चारोळ्यांच्या शेजारी तरंगायला लागले. साखर आणि बदामाची पूड मी दूध आटायच्या आधीच घालून टाकलेली. पूड तळाला बसली होती आणि करपण्यात तिने पुढाकार घेतला होता. बायको खाली आली, पातेल्यात डोकावली, माझ्याकडे बघितलं आणि एक शब्दही न बोलता कपाटातून नवा पंचा काढला. दूध गाळलं. त्यावर इतकं जायफळ किसलं की दोन लहान मुलं गच्चीवर दहालाच झोपली.

गच्चीवर पहिला घोट घेऊन एक जण म्हणाले, "वा! चुलीवरचं का?"

पुण्यात हल्ली मिसळीपासून मटणापर्यंत कशाच्याही आधी 'चुलीवरचं' लिहिलं की लोक रांग लावतात. मी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. तरी मी "हो" म्हणालो. बायकोने चंद्राकडे बघितलं.

साडेबाराला सगळं आटोपलं आणि पातेलं व मी समोरासमोर आलो. सकाळी नऊला काकूंच्या पुतण्याकडे सत्यनारायण, त्यांना ते हवं होतं. साबण लावला. ओट्यावरच्या हिरव्या घासणीने घासलं, तारेच्या घासणीने घासलं. तारेची घासणी काळी पडली, पातेलं होतं तसंच. नीट वाकून बघितलं, तर बुडाला काळं एकसारखं नव्हतंच. एक गोल कडं, आणि त्यावर ओळीने ठिपके. बर्नरच्या भोकांचा हुबेहूब ठसा.

"स्टीलमधून उष्णता नीट पसरत नाही ना, बाबा," मागून आवाज आला. अकरावी सायन्स. मोबाइल घेऊन जागं राहायला हिला कोजागरी लागत नाही. "तांब्यातून ती साधारण पंचवीस पट सहज जाते. स्टीलचं जिथे ज्वाला लागते तिथेच तापतं. आणि हे नुसतं जळणं नाहीये. दुधातली प्रथिनं आणि साखर तापली की आधी तपकिरी होतात. मायार रिअ‍ॅक्शन. १९१२ साली मायार नावाच्या फ्रेंच माणसाने मांडली."

"त्याने ती काढायची कशी, ते लिहिलंय का?"

"नाही."

एवढ्यात पाणी प्यायला आई उठली. तिने पातेल्यात बघून हळहळून विचारलं, "खरवड वाया घालवलीस?" आईच्या लहानपणी दुधाच्या पातेल्याची खरवड शिंपल्याने काढत आणि ती कोणाला मिळणार यावरून चार भावंडांत मारामारी होई. पिठल्याची खरपुडी तर आमच्या घरी अजूनही वाटण्या करून खातात. म्हणजे बुडाला लागणं हा काही मुळात गुन्हा नाही. तपकिरी असताना तिला चार वारस असतात. काळी झाली की एकच, आणि तो मी.

"चिंच लाव," असं सांगून आई झोपायला गेली.

चिंच लावली. पातेल्याचं पाणीपुरीचं पाणी झालं, डाग जागच्या जागी. चिंचेने पितळ उजळतं कारण पितळेवर चढलेला थर आम्लात विरघळतो. करपलेल्या दुधाला आम्लाचं काही वाटत नाही, त्याला अल्कली हवी, असं अकरावी सायन्सने जांभई देत सांगितलं. खायचा सोडा घाल, पाणी उकळ. तापला की त्याचा धुण्याचा सोडा होतो, तो जास्त जालीम. "नशीब पातेलं स्टीलचं आहे. अ‍ॅल्युमिनियमचं असतं तर सोड्याने तेच काळं पडलं असतं." एवढं बोलून तीही गेली.

चार चमचे सोडा, बोटभर पाणी, मंद आच. या वेळी मी उभा राहिलो. बसण्यावरचा माझा विश्वास उडाला होता. दहाएक मिनिटांनी पाणी चहासारखं झालं आणि काळ्या कड्याची एक कड उचलली गेली. मी लाकडी कालथा तिच्याखाली हळूच सरकवला. अख्खा पापुद्रा सुटला, मांड्याएवढा पातळ, आणि त्याखाली लख्ख स्टील. त्या स्टीलमध्ये मला माझा चेहरा दिसला. इतका आनंद मला पदवीदान समारंभातही झाला नव्हता.

मग मी थांबेना. आतलं संपलं तसं पातेलं पालथं केलं. बाहेरून बूड काळंकुट्ट! हेही मीच केलं असणार, या भीतीने तेही घासलं. सोडा, घासणी, सोडा, घासणी. पावणेतीन वाजले. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते म्हणतात. आमच्या इमारतीत त्या वेळी उत्तर द्यायला मीच होतो, पण दोन्ही हात साबणात आणि नळ चालू. विचारलं असेल तर ऐकू आलं नाही.

सकाळी पातेलं परत द्यायला मीच गेलो. भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून आत पाच रव्याचे लाडू ठेवले होते. काकूंनी लाडू काढून घेतले, पातेलं उजेडात धरलं, पालथं केलं आणि म्हणाल्या, "अरे, हे आमचं नाही."

"काकू, तुमचंच."

"आमच्याला खालून काळं होतं. वीस वर्षांचं. कशानेच निघालं नाही ते." मग चष्मा लावून त्यांनी काठाखालचे ठिपके वाचले. मामा सापडले. तारीख सापडली. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता. असता तर परवडला असता.

"थांब हं जरा," म्हणून त्या आत गेल्या.

जागणाऱ्याला लक्ष्मी काहीतरी देऊन जाते हे खरं असावं. आत्ता माझ्या ओट्यावर एक कढई आहे. दोन कानांची, गेल्या होळीला पुरण लागलेली. कानाशेजारी ठिपक्यांनी लिहिलंय : 'मोठ्या आत्याकडून'.