सुट्टीत लेकरांच्या झोपेवर फिरणारा तो फॉरवर्ड साफ चुकीचा आहे

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्यापासून आमच्याकडच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला, सुट्टीत लेकरांना झोपेचा टाईम लावू नका, दमले की आपोआप झोपतात, रात्रीची झोप दिवसा भरून निघते, मोबाईल पाहत पडले तरी आरामच आहे, अन् नाहीच झोपले तर सर्दीचं सिरप अर्धा चमचा पाजा.

शेवटचं आधी घेतो, कारण ते जिवावरचं आहे. सिरपनं येते ती गुंगी, झोप नाही. सर्दीच्या कितीतरी सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन अन् फिनाईलेफ्रिन असते, अन् हे मिश्रण ४ वर्षांखालच्या लेकरांना देऊ नये असं बाटलीवर छापा म्हणून केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं आहे. २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या सिरपनं गेली, कितीतरी जण नागपूरला भरती होते, ते आपण इथूनच पाहिलं. तिथं सिरपमध्ये विषारी रसायन निघालं होतं, ती गोष्ट वेगळी, पण डॉक्टरला न विचारता बाटली उघडायची हिंमत त्यानंतरही कशी होते?

आता "दमले की झोपतात". भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू होतात, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक, ते थेट पहाटेपर्यंत. माझी भाची सहा वर्षांची, रात्री एक वाजता खुर्च्यांच्या मधून नुसती पळत होती, डोळे लालभडक, खिदळत होती अन् कोणी हात धरला की भोकाड पसरत होती. वहिनी म्हणे, हिला झोपच नाही. अहो झोप होती, तिची वेळ टळून गेली होती! जास्त दमलेलं लेकरू सुस्त नाही होत, चेकाळते.

दिवसा भरून निघते म्हणता, तर थोडी भरते, पण सायंकाळी पाचपर्यंत झोपलेलं पोट्टं रात्री बारापर्यंत टक्क जागं राहते अन् मग सकाळी दहाला उठते. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते, तो उजेडच चुकला तर दुसऱ्या रात्री अजून उशीर. ६ ते १२ वर्षांच्या लेकरांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते, त्याहून लहान ३ ते ५ वर्षांच्यांना दुपारची धरून १० ते १३.

मोबाईलचं तर काय सांगावं, त्याच्या उजेडानं झोप आणणारं मेलाटोनिन दबते, म्हणून निजायच्या तासभर आधी तो बाजूला ठेवा. अन् पाहुण्यांकडं गेलं की सायंकाळी लेकरांच्या हाती चहाचा कप देतात, तेही बंद करा.

नाटकाला नेऊच नका असं मी म्हणत नाही, आमचंही बालपण तिथंच गेलं. त्या दिवशी जेवण झालं की दुपारी दीड तास निजवा, सोबत गोधडी न्या, पहिला अंक झाला की घरी आणा, अन् दुसऱ्या दिवशी कितीही कुरकुरलं तरी आठच्या आत उठवून आंगणात उन्हात बसवा. शाळा उघडायच्या आठवडाभर आधीपासून रोज पंधरा-पंधरा मिनिटं लवकर निजवत आणा.